म्हैस विकून घेतलेली राजदूत

1984 च्या पावसाळ्याआधी मी एक म्हैस विकली आणि जुनी राजदूत घेतली. आमचं गाव कल्याण-मुरबाड रस्त्याच्या आत, उल्हास नदीच्या अंगाला. तोवर आमचं दूध एसटीने नाहीतर एखाद्या ट्रकवाल्याच्या मेहेरबानीने कल्याणच्या दूधनाक्याला जायचं. एसटी चुकली की दूध नासायचं. डोंबिवलीत तेव्हा जिकडेतिकडे बिल्डिंगी उठत होत्या. तिथे दारात दूध घातलं तर लिटरमागे बरे पैसे सुटत, पण त्यासाठी पहाटे सहाच्या आत पत्री पूल ओलांडायला हवा. म्हणून गाडी.

राजदूतच का, तर दूधवाल्याची गाडी तीच. एस्कॉर्ट्स म्हणजे ट्रॅक्टरवाली कंपनी. तिने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून साठच्या दशकात ही आपल्याकडे बनवायला घेतली. 1973 ला ‘बॉबी’ सिनेमात हिचं धाकटं भावंड दिसलं, तर लोक त्या मॉडेललाच बॉबी म्हणायला लागले. आमची मात्र मोठी, पावणेदोनशे सीसीची, बैलासारखी. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन बांधले तरी कुरकुरत नसे. वेगाचं नाव काढू नका.

विकणारा कल्याणचाच, नाव सांगत नाही. टाकीला नवा काळा रंग, वर पिवळी रेघ. साडेतीन हजार मोजले आणि ठाण्याला जाऊन कागदावर नाव चढवून आलो. महिनाभर गाडी झकास चालली. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला त्या पहाटे वरपजवळ मला पेट्रोलचा वास आला. मांडी हाताने चाचपली तर थंड. पावसाचं पाणी असं झोंबत नाही. खाली वाकून बघतो तर टाकीच्या बुडातून थेंब थेंब पेट्रोल तापल्या इंजिनावर पडतंय. गाडी तिथेच सोडून लांब पळालो. कॅन काढायलासुद्धा थांबलो नाही.

बुडाला गंजाने भोक पडलेलं होतं. विकणाऱ्याने त्यात कपडे धुवायचा साबण दाबून वरून रंग मारला होता. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे उन्हाळाभर ते बूच टिकलं. पाण्यात मात्र विरघळतो, आणि रंगाचा पोपडा उडाल्यावर पावसाने तो धुऊन नेला. युक्ती तशी खोटी नाही, रस्त्यात अडकल्यावर मीही पुढे कितीदा तीच केली. पण ती घरी पोहोचण्यापुरती असते, गिऱ्हाईकाला गाडी विकण्यापुरती नव्हे.

बा ओट्यावर बसून म्हणाला, "म्हैस इकून धूर आणलास व्हय रं!" मी गप्प. त्या दिवसाचं वीस लिटर दूध गेलं होतं.

कल्याणात एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे चाचा म्हणायचे. त्यांनी टाकी उतरवली, रिकामी केली आणि आधी दोनदा पाण्याने भरून ओतली. मला वाटलं, आता डाख लावतील. तर नाही, पुन्हा पाणी भरलं, भोकाची जागा तेवढी वर ठेवली. म्हणाले, "भरी टंकी से मत डरो, खाली टंकी से डरो." टाकीत पेट्रोल नसलं तरी त्याची वाफ आत बसलेली असते आणि ठिणगीने भडका वाफेचा उडतो. पाण्याने वाफेला जागाच ठेवायची नाही. मग त्यांनी पत्रा घासून डाख लावला. माझ्या कानावरची बिडी त्यांनी स्वतः काढून गटारात टाकली.

आतला गंज माझ्यावर सोपवला. सायकलची जुनी साखळी टाकीत घातली, चिंचेचं दाट पाणी ओतलं आणि दोन दिवस आम्ही आळीपाळीने टाकी घुसळली. तांब्याचा हंडा चिंचेने निघतो तर लोखंड का नाही, ही अक्कल माझ्या आईची. निघालंही. गेरूसारखं लाल पाणी आलं. मग स्वच्छ धुऊन, उन्हात तापवून, थोड्या पेट्रोलने खंगाळून टाकी वर चढवली. ओली ठेवली असती तर चार दिवसांत पुन्हा गंज.

एकदा शहाणपणाने फसलो त्याची गंमत सांगतो. टाकीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून मी झाकणावर प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधली. गाडी चार-पाच किलोमीटर चालायची आणि बंद पडायची. थोडं थांबलं की पुन्हा चालू. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून जेट फुंकला, कॉकची जाळी साफ केली. शेवटी म्हारळच्या वळणावर पेट्रोल बघायला झाकण उघडलं तर ‘फुस्स’ करून आत हवा गेली. झाकणाला बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. पिशवीने मी तिचा श्वासच बांधला होता.

आता सायलेन्सरचं. ह्या गाड्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ते ऑइल इंजिनाला वंगण देतं आणि अर्धवट जळून मागे जातं. निळा धूर दिसतो तो त्याचाच. उरलेली काजळी सायलेन्सरच्या आतल्या भोकांच्या नळीला चिकटते. डांबरासारखी. धूर बाहेर जायला वाट उरत नाही, मग नवं पेट्रोलही आत येत नाही. गाडी सपाटीला बरी चालते, चढाला मरते. वर्षातून एकदा नळी ओढून चुलीच्या विस्तवात लाल करायची आणि सळईने खरवडायची. इंजिनाच्या तोंडाशीही काजळी असते. पिस्टन वर आणून ते तोंड झाकायचं आणि लाकडाच्या चिपेने हळू खरवडायचं, लोखंडाने नाही.

वर्षातून एकदाचं हे काम माझ्याकडे महिन्यातून एकदा यायला लागलं, त्याला कारण मीच. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि दिवाळीच्या तोंडावर इथे पेट्रोल महागलं. मी रेशनचं घासलेट टाकीत मिसळायला लागलो. चार लिटरला एक. गाडी गरम व्हायची, टकटक वाजायची, पांढरा धूर ओकायची, पण चालायची. रायत्याच्या चढाला एका पहाटे ती अशी थांबली की किकच खाली जाईना. पिस्टन जाम. चाचांनी सायलेन्सर हुंगला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. बोअर करायला, नवा पिस्टन घालायला जे पैसे गेले, त्यात वर्षाचा पेट्रोलमधला फरक भरून निघाला असता.

घरी त्याहून वाईट झालं. कारभारीण म्हणाली, "तुमची गाडी घासलेट पिते आन् पोरं काळोखात अभ्यास करतात." खरंच कंदील लवकर विझत होता. मी समजत होतो घासलेट संपतं कसं हे तिला कळत नाही. पुढे 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. बातमी वाचली तेव्हा मला आमचा कंदील आठवला. मी कुठे टँकर लुटत होतो, असं मनाला समजावलं. समजलं नाही नीट.

मधे एकदा सायलेन्सर सडला तेव्हा उल्हासनगरातून स्वस्तातला आणला. तिथल्या मालावर यूएसए लिहिलेलं असलं तर ते उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे पोरासोरांना पाठ. माझा सायलेन्सर आतून पोकळ निघाला. आवाज असा की डोंबिवलीच्या बायका खिडकीतून शिव्या द्यायच्या, आणि ओढ अर्धी. टू-स्ट्रोकला मागून थोडा अडसर लागतोच, नाहीतर नवं पेट्रोल न जळताच बाहेर पळतं. महिन्याने जुनाच सायलेन्सर पत्रा जोडून परत लावला.

1985 ला हिरो होंडाची चार स्ट्रोकची गाडी आली. टाकी भरा आणि विसरा, असं जाहिरातीत सांगायचे. हळूहळू गावात त्याच दिसायला लागल्या. माझी राजदूत थट्टेचा विषय झाली होती.

26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला दिसली ती उल्हास नदी. रात्री पाणी गोठ्यात शिरलं. पाच म्हशींपैकी तिघींची दावी कापता आली. दोघींपर्यंत पोहोचलो नाही. गाडी विसरूनच गेलो होतो. पाणी उतरल्यावर ती गोठ्याच्या भिंतीशी गाळात आडवी सापडली.

वाडीतल्या पोरांच्या गाड्याही तशाच. एक जण किक मारायला निघाला, मी ओरडलो. आत पाणी असताना किक मारली तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, मग किक मारायची. भोकातून कारंजं उडतं, ते कोरडं होईपर्यंत. मग सायलेन्सर सोडून उभा करायचा. त्यातून बादलीभर पाणी आणि गाळ निघतो. कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची. चार स्ट्रोकच्या गाडीचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं असतं. ते टाकायचं, नवं भरून थोडं चालवायचं आणि पुन्हा टाकायचं. टाकीतलं काचेच्या बाटलीत ओतायचं. पाणी जड, ते खाली बसतं, पेट्रोल वर तरंगतं, मधे रेघ दिसते. कॉक टाकीच्या बुडाला, म्हणून इंजिनाला आधी पाणीच मिळतं.

त्या आठवड्यात अकरा गाड्या चालू केल्या. हात कामात होते ते बरं होतं, गोठ्याकडे बघवत नव्हतं. राजदूत सगळ्यात शेवटी. ती सहाव्या किकला लागली. तीन म्हशींचं दूध दोन कॅनमध्ये मावत होतं, एका बाजूला कॅन आणि दुसऱ्या बाजूला तोल राखायला दगड बांधून डोंबिवलीला गेलो.

जुना पत्री पूल 2018 च्या नोव्हेंबरात पाडला, नवा झाला. चाचा गेले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. उसाचं, मक्याचं, तांदळाच्या कणीचं. शेतकरी म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. पण जुन्या टाकीला ते सोसत नाही. इथेनॉल पाण्याला धरतं. पाणी वाढलं की दोघं मिळून खाली बसतात, बाटलीतली रेघ वर सरकते आणि गंज लवकर चढतो. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, हवेतला ओलावा आत धरतो.

गेल्या दिवाळीत पुतण्या मला जुनी गाडी बघायला कल्याणला घेऊन गेला. चकचकीत टाकी, नवा रंग. मी मालकाकडे तांब्याभर पाणी मागितलं. त्याला वाटलं प्यायला. मी टाकीच्या बुडाला ते ओतलं, थोडं थांबलो आणि अंगठा घासला. पुतण्या लाजून दुसरीकडे बघत होता.

फेस आला नाही. गाडी घेतली.