पुढे फेकण्याच्या मुभेची कुळकथा

अमेरिकी फुटबॉलच्या दिनविशेषांच्या याद्या करणारी मंडळी ५ सप्टेंबर १९०६ या तारखेपुढे ‘फॉरवर्ड पास’चा जन्म न चुकता नोंदवितात, आणि त्या दिवशी विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा या गावी, कॅरॉल कॉलेजच्या मैदानावर, सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन नामक विद्यार्थ्याने नियमाला धरून चेंडू पुढे फेकला, हे खरेच आहे, परंतु एखाद्या मातबर घराण्याची बखर उघडली असता मूळपुरुषाच्या आधीचे काही अनौरस पूर्वज जसे तिच्यातून हळूच डोके वर काढतात, तशी या फेकीचीही वंशावळ त्या तारखेच्या तीस वर्षे मागे जाते. तिचा माग घेत गेल्यास ध्यानात येते ते असे की, ही युक्ती सुचण्यास कोणाला फारशी प्रतिभा लागली नव्हती. ती चालू द्यावयाची की नाही, एवढाच वाद होता, आणि तो वाद खेळाच्या श्रेष्ठींनी जितका काळ लांबविता येईल तितका लांबविला.

या खेळाचा पिता म्हणून ज्याचा सर्वत्र गौरव होतो तो वॉल्टर कॅम्प ७ एप्रिल १८५९ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे जन्मला आणि येल विद्यापीठात शिकला. त्या काळी अमेरिकी विद्यापीठांनी इंग्लंडातील रग्बी नुकताच स्वीकारला होता, आणि रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकणे हा मूलभूत अपराध होता. चेंडू घेऊन धावावे, लाथेने उडवावा, अथवा मागच्या सोबत्याकडे द्यावा, एवढीच मोकळीक. असे असूनही १८७६ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात खुद्द कॅम्पनेच, प्रतिपक्षाने खाली ओढले असता, चेंडू पुढे असलेल्या ऑलिव्हर थॉम्प्सनकडे भिरकावला व थॉम्प्सनने तो घेऊन गोलरेषा गाठली. प्रिन्स्टनने हरकत घेतली तेव्हा पंचाने नाणे उडवून निकाल येलच्या बाजूने दिला, असे सांगतात. पुढे हाच कॅम्प या खेळाचा प्रमुख स्मृतिकार झाला. १८८० साली त्याने संघातील पंधरांचे अकरा केले आणि चेंडूवरील रग्बीची झोंबाझोंबी काढून टाकून, ज्या संघाकडे चेंडू आहे त्याने तो एका निश्चित रेषेवरून शांतपणे खेळात आणावा, असे ठरविले. १८८२ साली तीन खेपांत पाच यार्ड पुढे जावे, नाहीतर चेंडूवरचा हक्क सोडावा, असे कलम त्याला जोडले. मैदानावर पाच-पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा पडल्या त्या या कलमामुळे. मात्र आपल्या हातून एकदा घडून गेलेल्या त्या फेकीला या शास्त्रात त्याने स्थान दिले नाही.

दुसरा पूर्वज १८९५ सालचा. अटलांटा येथे नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्यात सामना चालला असता नॉर्थ कॅरोलायनाचा एक खेळाडू लाथ मारण्याच्या बेतात असताना चोहोंकडून घेरला गेला आणि त्याने गांगरून चेंडू हातानेच पुढे लोटला. तो त्याच्याच सोबत्याने झेलला आणि त्या एका धावेवर सामना निकाली निघाला. जॉर्जियाचा प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, ज्याला सर्व जण पॉप म्हणत, संतापून धावत आला. पण आपण फेक पाहिलीच नाही, असे सांगून पंच मोकळा झाला. प्रेक्षकांत जॉन हाइझमन हा प्रशिक्षक उभा होता. हाणामारीचा चिखल झालेल्या या खेळातून वाट काढण्याचा मार्ग आपल्याला गवसला, अशी त्याची खात्री पटली व पुढे कित्येक वर्षे तो ही फेक कायदेशीर करावी म्हणून कॅम्पकडे अर्ज करीत राहिला. कॅम्पने ते मनावर घेतले नाही.

चिखल म्हणावा तर तो खरोखरच माजला होता. १८८८ साली कंबरेखाली गुडघ्यापर्यंत पकड करण्याची परवानगी मिळाल्यापासून मोकळेपणी धावणे दुष्कर झाले आणि संघ एकमेकांना बिलगून, चेंडूवाल्याला मध्ये घेऊन, ढकलत-ओढत पुढे सरकू लागले. बुद्धिबळाचा शौकीन असलेल्या लोरिन डीलँडने १८९२ साली हार्वर्डसाठी धावत्या पाचरीचा व्यूह रचला. तो दोन वर्षांत रद्द झाला, तरी त्याची वृत्ती रद्द झाली नाही. पाच यार्ड मिळवावयास रेटारेटी पुरेशी असताना दुसरे काही करावयाचे कारणच नव्हते. शिरस्त्राण सक्तीचे नव्हते, आणि १९०५ च्या हंगामाअखेर वृत्तपत्रांनी मृतांची जी गणती छापली ती कोणी १८, कोणी १९ अशी होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. स्वतः रूझवेल्ट या खेळाचे भोक्ते होते आणि त्यांचा मुलगा त्याच हंगामात हार्वर्डकडून खेळत होता, ही गोष्ट विसरता कामा नये. खेळ बंद पाडण्याची नव्हे, तो वाचविण्याची त्यांना निकड होती. नोव्हेंबरात न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा एक खेळाडू मृत्यू पावला, तेव्हा त्या विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्‌क्रॅकन यांनी परिषद बोलाविली. डिसेंबरात ६२ संस्था जमल्या व कॅम्पच्या जुन्या नियमसमितीला शह देणारी नवी संघटना उभी राहिली. कोलंबियाने खेळच सोडला. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया रग्बीकडे परतले.

१९०६ च्या आरंभी दोन्ही समित्या एकत्र बसल्या तेव्हा तीन खेपांत पाचाऐवजी दहा यार्ड, हा कॅम्पचा तोडगा संमत झाला. मैदान रुंद करावे, हाही एक विचार होता. परंतु हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचे भव्य क्रीडागार बांधून ठेवले होते, त्याच्या भिंती मागे कशा सरकाव्यात? अशा रीतीने, सिमेंटने अडविलेल्या वाटेला पर्याय म्हणून का होईना, कॅम्पच्या नापसंतीला न जुमानता पुढे फेकण्याची मुभा पदरी पडली. पण ती मुभा कशी? जिथून चेंडू खेळात आला त्या बिंदूच्या उजवीकडे वा डावीकडे किमान पाच यार्डांवरूनच फेक व्हावी, म्हणून मैदानावर लांबीच्याही रेघा मारल्या जात आणि ते सारीपाटासारखे दिसे. फेक कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडली तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. गोलरेषेपलीकडे झेल घेतल्यास धाव नामंजूर. आणि झेलण्याचा अधिकार रांगेच्या दोन टोकांच्या व रांगेमागच्या खेळाडूंपुरता. ही सनद वाचताना असे वाटते की, तिचा लाभ कोणी घेऊ नये याचीच तजवीज तिच्या लेखकांनी केली होती.

पूर्वेकडील थोर विद्यापीठांनी ती इच्छा मान्य केली. सेंट लुइसचा प्रशिक्षक एडी कोकम्स याने मात्र उन्हाळ्यातच आपले खेळाडू विस्कॉन्सिनमधील एका सरोवरकाठी नेऊन, त्या फुगीर चेंडूच्या शिवणीवर बोटे रोवून तो मळसूत्री गतीने कसा सोडावा, याचा सराव चालविला. वॉकेशा येथे रॉबिन्सनची पहिली फेक जमिनीवर पडली व नियमाप्रमाणे चेंडू गेला. नंतरची जॅक श्नायडरने झेलून धाव मिळविली. तो हंगाम सेंट लुइसने अकराही सामने जिंकून, ४०७ गुणांना ११ अशा फरकाने संपविला, आणि तरीही पूर्वेकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. (रॉबिन्सन पुढे डॉक्टर झाला व योगायोगाने मिशिगनमधील सेंट लुइस याच नावाच्या गावी स्थायिक झाला, शेतीत डीडीटी सरसकट वापरू नये, असा इशारा त्याने १९४० नंतरच्या दशकात दिला होता. तोही फारसा कोणी ऐकला नाही.)

१९०७ मध्ये ही विद्या पेनसिल्व्हानियातील कार्लाइल येथे, आदिवासी मुलांना त्यांच्या भाषा व चालीरीतींपासून तोडण्याच्या हेतूने स्थापन झालेल्या शाळेत, रुजली; आणि तिथला गुरू कोण, तर बारा वर्षांपूर्वी अटलांटात या फेकीवर ओरडलेला तोच पॉप वॉर्नर. देहाने हलके परंतु अत्यंत चपळ असे विद्यार्थी हाताशी असल्यामुळे त्याला रेटारेटीपेक्षा हवेतला मार्ग परवडणारा होता. पीट हाउझरच्या लांब फेकींच्या बळावर कार्लाइलने फिलाडेल्फियात बलाढ्य पेनसिल्व्हानिया विद्यापीठाला २६-६ असे नमविले. त्याच हंगामात शिकागोने झेलणाऱ्यांना वाटेतच पाडण्याचा बेत केला, तेव्हा आल्बर्ट एक्सेंडीन हा खेळाडू सीमारेषेबाहेर पडून, शिकागोच्याच बाकांमागून वळसा घालून पुन्हा मैदानात शिरला व त्याने मोकळ्यात चेंडू झेलला. कायद्यात याला मनाई नव्हती.

ज्या हेतूने मुभा दिली तो मात्र लगेच साधला नाही. १९०९ साली पुन्हा मृत्यू झाले, त्यांत वेस्ट पॉइंटचा एक छात्रही होता. तेव्हा १९१० मध्ये ढकलणे-ओढणे बंद झाले; फेकीवरील बाजूची अट उठली आणि तिच्या जागी रेषेमागे पाच यार्डांवरूनच फेकावे, ही नवी आली, वर वीस यार्डांपलीकडे फेकू नये असेही ठरले. १९१२ मध्ये ही वीस यार्डांची मर्यादा गेली, खेपा चार झाल्या, गोलरेषेमागे दहा यार्डांचा पट्टा आखून तेथील झेल ग्राह्य धरला गेला, आणि चेंडू किंचित सडपातळ झाला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९१३ रोजी, नोत्र दामच्या गस डोरेने वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीविरुद्ध १७ पैकी १४ फेकी यशस्वी केल्या व सामना ३५-१३ असा जिंकला. झेलणाऱ्यांत ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस येथे जन्मलेला क्नूट रॉक्नी होता. न्यूयॉर्कची वृत्तपत्रे या वेळी जवळ होती, म्हणून हा दिवस गाजला. पुढे १९४० मध्ये रॉक्नीच्या चरित्रावर चित्रपट निघाल्यावर तर त्या दोघांनाच जनकत्व बहाल झाले. खुद्द रॉक्नीने हयातीत श्रेय कोकम्सला दिले होते. पण चित्रपटापुढे साक्षीदाराचे काय चालणार!

राहिलेली पाच यार्डांची अट १८ डिसेंबर १९३२ रोजी अडचणीत आली. शिकागो बेअर्स आणि पोर्ट्‌समथ स्पार्टन्स यांचा निर्णायक सामना बर्फ व थंडीमुळे शिकागो स्टेडियमच्या छपराखाली, नुकत्याच येऊन गेलेल्या सर्कशीच्या मातीवर, आखूड मैदानात खेळविला गेला, आणि ब्रॉन्को नॅगर्स्कीने धावण्याचा आव आणून, मागे उडी घेऊन रेड ग्रेंजकडे चेंडू टाकला. तो पाच यार्ड मागे नव्हताच, अशी पोर्ट्‌समथची तक्रार होती. ती फेटाळली गेली आणि बेअर्स ९-० ने जिंकले. पुढील वर्षी व्यावसायिक लीगने रेषेमागे कोठूनही फेकण्यास मोकळीक दिली, म्हणजे तक्रारीचा निकाल न लावता तिचे मूळच उपटले. विद्यापीठांना त्यासाठी १९४५ उजाडावे लागले.

आज या खेळाचे सारे वैभव फेकणाऱ्याच्या हातावर उभे आहे, तरी १९०६ च्या सनदेतील संशय पुरता निमालेला नाही. एका खेपेस एकच फेक, तीही रेषा ओलांडण्यापूर्वी. आणि रांगेच्या मध्यभागी भार सोसणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांना चेंडू झेलण्याचा हक्क अजूनही नाही. त्यांच्या जातीच्या क्रमांकाचा अंगरखा घातलेल्या कोणाला व्यावसायिक सामन्यात झेलावयास उतरवावयाचे झाल्यास त्याने आधी पंचाकडे जाऊन तशी वर्दी द्यावी लागते, आणि पंच ती ध्वनिक्षेपकावरून प्रतिपक्षाच्या कानी घालतो.