वर्ध्याच्या वेशीवरची माणसं

सन १९००. मे महिन्यातली दुपार. सिंदीच्या शिवारात तुम्ही एका धुऱ्यावर उभे आहात. समोरच्या काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्यात. आज जिथं सिंदी मेघेचे ले-आउट, किराणा दुकानं आणि गच्चीवरच्या काळ्या टाक्या आहेत, तिथं एकही घर नाही. पऱ्हाट्याही शेतात उरलेल्या नाहीत. कुणी चुलीत घातल्या, कुणी जनावरांपुढं टाकल्या, आणि तरी जनावरं गेलीच. पलीकडं वर्धा दिसतंय. पालकवाडीच्या जागेवर १८६६ मध्ये वसवलेलं, सरळ रस्त्यांचं नवं शहर.

रस्त्यानं माणसं येताहेत. एक म्हातारा, त्याच्यामागं सून, तिच्या कडेवर पोरगं. तुम्ही विचारता, "कोन गावचे जी?" गावाचं नाव सांगायच्या आधी तो पाणी मागतो. ओंजळीनं पितो, उरलेलं पोराच्या तोंडावर फिरवतो. मग म्हणतो, "आर्वीकडले. बैलं मेले बापा. आता रिलीफच्या कामावर जाऊन राहिलो, गिट्टी फोडाले." सुनेच्या ओच्यात भाजलेले चिंचोके आहेत. त्यातला एक ती चावून मऊ करते आणि पोराच्या तोंडात घालते. पोरगं तो थुंकतं. ती उचलते, पदराला पुसते आणि स्वतः खाते.

तेवढ्यात गाडीची शिट्टी ऐकू येते. ही रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, मुख्यतः कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिकडचा कापूस अडला, तेव्हा वर्धा खोऱ्यातल्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात भाव आला आणि घरची ज्वारी पिकणाऱ्या वावरांत पऱ्हाटी उभी राहिली. आता पाऊस नाही, म्हणून कापूस नाही. कापूस नाही, म्हणून हातात पैसा नाही. गाडी धान्य आणेलही, पण ते विकत कोण घेणार? त्या म्हाताऱ्याकडं बघताना हे समजून घ्या: तो फक्त पावसानं नाडलेला नाही.

१८९९ चा मान्सून फसला तो प्रशांत महासागरातल्या एल निनोमुळं. त्यात माणसानं केलेल्या तापमानवाढीचा हात नव्हता, आणि आजचं प्रत्येक संकट त्या खात्यावर टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण ढग फिरले की माणसाच्या जगण्याचं काय होतं, ते मात्र या रस्त्यावर उघडं दिसतं. १८९१ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या ४ लाखांच्या वर होती. १९०१ मध्ये ती ३ लाख ८५ हजार भरली. दहा वर्षांत जन्मलेली सगळी पोरं धरूनसुद्धा माणसं कमी झाली. किती मेली आणि किती गाव सोडून गेली, हे तो आकडा सांगत नाही. म्हातारा पुन्हा चालू लागतो. त्याला थांबवायला तुमच्याकडं काहीच नाही.

एकोणचाळीस वर्षं पुढं या. १९३९. सिंदीहून चालत वर्ध्यातल्या मगनवाडीत पोचायला फार वेळ लागत नाही. जमनालाल बजाजांनी दिलेली ही बाग आता ग्रामोद्योग संघाचं ठाणं आहे. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, आणि गेल्या वर्षाच्या शेवटी गांधीजींनी उघडलेलं मगन संग्रहालय. या सगळ्याचा हिशेब जे. सी. कुमारप्पा ठेवतात. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले आणि ते सगळं घेऊन वर्ध्याच्या उन्हात येऊन बसलेले. पुढं तुरुंगात असताना ते 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' लिहितील. त्यात एक साधा भेद आहे. निसर्गातल्या काही गोष्टी वाहत्या असतात, वापरल्या तरी पुन्हा मिळतात. काही साठ्याच्या असतात: कोळसा, खनिज तेल. साठा उपसला की संपतो, आणि संपणाऱ्या साठ्यावर जगाची चाकं चालवली की त्याच्यासाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात.

त्या कोळशाचा धूर आभाळात साठून पाऊसच बदलेल, हे मगनवाडीत कुणाच्या मनातही नाही. पण कोळसा, तेल आणि युद्ध यांची गाठ वर्ध्यातल्या या माणसानं घालून दिली आहे. वर्ध्यात शिकलेल्या किती जणांना हे शाळेत सांगितलं जातं? मला वाटतं, प्रत्येकाला सांगायला हवं.

आता थोडं दूर जायचं आहे. १२ नोव्हेंबर १९७०. रात्र. बंगालच्या उपसागराच्या तोंडावरचं भोला बेट, पूर्व पाकिस्तान. तुम्ही एका माडाला मिठी मारून आहात. वारा एक वेळ सोसवेल, पण अंधारात भिंतीसारखं चालून येणारं समुद्राचं पाणी सोसवत नाही. त्या एका वादळात ३ ते ५ लाख माणसं मेली असा अंदाज आहे. दिवस उजाडतो, मग दुसरा, मग तिसरा. सत्ता हजार मैलांपलीकडं पश्चिम पाकिस्तानात आहे. तिथून मदत येते ती उशिरा आणि तुटपुंजी. प्रेतं उचलायला माणूस नाही, जिवंतांना प्यायला गोडं पाणी नाही. पुढच्याच महिन्यात निवडणूक होते आणि शेख मुजीबुर रहमानांची अवामी लीग पूर्वेकडच्या जवळपास सगळ्या जागा जिंकते. मार्च १९७१ मध्ये लष्कर रस्त्यावर उतरतं. सुमारे १ कोटी माणसं भारतात येतात. डिसेंबरात युद्ध होतं आणि नकाशावर नवा देश उमटतो.

वादळानं बांगलादेश घडवला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. भाषेचा अपमान, सत्तेतली फसवणूक, तागाच्या पैशाची लूट हे सगळं आधीपासून साचलेलं होतं. पण बुडणाऱ्या माणसाला हात दिला जात नाही, हे लाखोंनी एकाच आठवड्यात पाहिलं, आणि त्यानंतर ते राज्य आपलं वाटणं संपलं. वर्ध्याहून पूर्वेला जाणारी रेल्वे रायपूरला जाते. तिथल्या माना छावणीत पूर्व बंगालातली कुटुंबं वर्षानुवर्षं राहिली. वर्धा जिल्ह्यात पुलगावला सैन्याचं प्रचंड दारूगोळा भांडार आहे. देश राखायला तेही लागतं. पण १९७१ मध्ये सीमेवर जे आधी आलं, ते डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायांच्या रूपात.

भोलाच्या वादळानंतर अडीच वर्षांनी, मे १९७३ मध्ये, तुम्ही वर्ध्याला मुंबईकडं जाणाऱ्या गाडीत बसता आणि मनमाडला उतरून नगरकडं वळता. विदर्भापेक्षा इकडं हाल फार वाईट आहेत. १९७२ चा पाऊस गेला. त्याआधीची दोन वर्षंही धड नव्हती. विहिरी खडखडीत. एका पाझर तलावाच्या कामावर तुम्ही थांबता. ओळीनं बाया, डोक्यावर पाट्या, तोंडाला पदर. मुकादम मस्टरवर नावं घेतोय. झाडाखाली सुकडी वाटली जातेय. रेशनवर अमेरिकेतून आलेली लालसर मिलो मिळते. तिची भाकरी कुणालाच आवडत नाही आणि सगळे ती खातात. पाटी उतरवून बसलेली एक बाई तुम्हाला म्हणते, "ममईला गेलते आमचे दीर. आम्ही म्हणलं, इथंच हाय तर कशाला जायचं?"

थांबा इथं जरा. सन १९०० च्या रस्त्यावरही रिलीफची कामं होती, गिट्टी होती. मग फरक कुठं पडला? मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. काम गावाजवळ होतं आणि ते मागायला माणसं लाजत नव्हती. कामं कमी पडली तिथं मोर्चे निघाले. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप सगळे रस्त्यावर होते, आणि वसंतराव नाईकांच्या सरकारला ऐकावं लागत होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी काही वर्षांपूर्वीच तासगावकडं रोजगार हमीचा प्रयोग सुरू करून पाहिला होता. त्यातून पुढं कायदा झाला. तो १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला: काम मागेल त्याला काम. पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. मुंबईच्या बाबूचा पगार नगरच्या मस्टरवर पोचला. पुढं २००५ मध्ये देशानं याच धर्तीवर कायदा केला. माणसं मुंबईला गेली, धारावी वाढली, हेही खरं. पण भोला आणि नगर यांच्यातला फरक ठरवला तो संकट आल्यावर कुणाच्या दारात काय तयार होतं, यानं. माझ्या मते हवामान, स्थलांतर आणि सुरक्षिततेच्या साऱ्या चर्चेत याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

परत वर्ध्याला. जुलै २००६. पंतप्रधान मनमोहन सिंग जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेलेत आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालंय. त्याच सुमाराला जिल्ह्यातल्या डोर्लीनं गाव विकायला काढल्याचं जाहीर केलंय. गाव कुणीच विकत घेत नाही. मग विकलं जातं ते एकेक वावर, कुणाला फारसं कळू न देता. दोन एकर जातात, पोट्टा पुण्याला चाकणच्या कंपनीत लागतो, सून वर्ध्यात शिवण टाकते, म्हातारा-म्हातारी गावी राहतात. उरलेले पैसे घेऊन घर शोधायला माणूस येतो तो शहराच्या हद्दीबाहेर, जिथं प्लॉट परवडतो. म्हणजे तुमच्या सिंदी मेघेत. सावंगी, बोरगाव, पिपरी, नालवाडी, सगळीकडं हेच चालू आहे.

२०११ ची जनगणना उघडून बघा. दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली, वर्धा जिल्ह्याची अवघी ५.१८ टक्क्यांनी. वर्धा नगरपालिकेच्या हद्दीत तर माणसं आधीपेक्षा कमी झाली. १ लाख ६ हजार उरली. आणि हद्दीला लागून असलेली ही गावं फुगत गेली. जनगणनेच्या लेखी सिंदी मेघे शहर, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. इथं येणाऱ्याला कुणी 'हवामान निर्वासित' म्हणत नाही. तोही स्वतःला म्हणत नाही. कर्ज, बोंडअळी, पोरांचं शिक्षण, सावंगीचा दवाखाना, अशी शंभर कारणं तो सांगेल आणि ती सगळी खरी असतील. पाऊस त्या प्रत्येक कारणाच्या बुडाशी असतो. मृगात पेरलं आणि पंधरा दिवस थेंब नाही, म्हणून दुबार पेरणी. मग एका रात्रीत एवढं कोसळतं की वरची माती नाल्यात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणारी अतिवृष्टी तिपटीनं वाढली. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट, समुद्रपूरकडं वावरं तळी झाली, तेव्हा हा अभ्यास तिथं कुणी वाचलेला नव्हता. पण तोंडपाठ सगळ्यांना होता.

इथून पुढं जे दिसेल ते माझ्या कल्पनेतलं आहे. मे २०५०. पहाटे चार वाजता सिंदी मेघे जागं झालंय, कारण दहानंतर स्लॅबवर उभं राहता येत नाही. ठेकेदाराची गाडी नाक्यावर. तिच्यात चढणारे काही समुद्रपूरचे, काही छत्तीसगडचे, दोघं सुंदरबनाकडचे. नळाला पाणी दिवसाआड. रांगेत पुढं कोण, यावरून काल भांडण झालं आणि आज सकाळी त्याला 'इथले' आणि 'तिकडले' अशी नावं पडलीत. मोठ्या अशांतीची सुरुवात मला इथं दिसते, पाण्याच्या टाकीपाशी. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज असा की, २०५० पर्यंत जगाच्या सहा भागांत मिळून २१.६ कोटी माणसांना हवामानामुळं आपल्याच देशात घर बदलावं लागू शकतं. त्यात दक्षिण आशियातली सुमारे ४ कोटी. त्याच अहवालात हेही आहे की, वेळेत पावलं उचलली तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं हवामानावर पहिली चर्चा २००७ मध्ये केली. १९५१ चा निर्वासित करार मात्र हवामानामुळं घर सोडणाऱ्याला ओळखतच नाही. आणि ओळखला असता तरी आर्वीहून सिंदी मेघेला येणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यानं सीमा ओलांडली ती फक्त तालुक्याची.

म्हणून मी तुम्हाला २०५० मध्ये फार वेळ ठेवत नाही. या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला, ग्रामसभेत आणून बसवते. विषयपत्रिकेवर नाल्या आहेत, पथदिवे आहेत, नव्या ले-आउटचे अर्ज आहेत. मागं कुणी जायला उठलंय. तुम्ही हात वर करता.

"सरपंचताई, पाच वर्षांत इथं बाहेरून किती घरं आली, याची नोंद आहे का? आणि पुढच्या पाच वर्षांत येतील त्यांचं पाणी धाम नदीतून येणार की बोअरमधून? मार्चनंतर बोअर तर आत्ताच आटून राहिले."

पुढून कुणीतरी म्हणतं, "येणाऱ्याले बोलावलं कोनं?"

"तुम्ही कोन गावचे, काकाजी?" तुम्ही विचारता. तो गावाचं नाव सांगतो. ते सेलू तालुक्यातलं निघतं. दोन-तीन जण हसतात, मग तोही हसतो.

सरपंचताई ग्रामसेवकाकडं बघतात. "लिहून द्या जी," त्या म्हणतात, "ठरावात घेऊ." तुम्ही त्यांच्याकडूनच एक कोरा कागद मागून घेता आणि पहिल्या ओळीत घरांच्या मोजणीची मागणी लिहिता.