तळटीप : चौकातला सोनेरी राजा

१. ‘सोनेरी राजा’ : लेखकाने नाव दिलेले नाही, पण वर्णन सोलमधील ग्वांगह्वामुन चौकातल्या सेजोंग राजाच्या पुतळ्याचे आहे, यात शंका नाही. जोसन घराण्याच्या या चौथ्या राजाने १४१८ ते १४५० या काळात राज्य केले. हंगुल ही कोरियन लिपी त्याच्याच कारकिर्दीत १४४३ मध्ये सिद्ध झाली आणि १४४६ मध्ये जाहीर करण्यात आली. तोवर लिहायचे तर प्रामुख्याने चिनी अक्षरांत. ते रयतेच्या आवाक्याबाहेरचे होते. पुतळ्याच्या डाव्या हातातले उघडे पुस्तक याच लिपीविषयीचे. उजवा हात जरासा उचललेला. ना तलवार, ना घोडा. राजा आसनावर स्वस्थ बसलेला आहे.

पुढ्यातल्या उपकरणांकडे लेखकाचे लक्ष गेलेले दिसत नाही. खरे तर तीच निवांत पाहण्याजोगी. कढईसारखे खोलगट सूर्यघड्याळ, खगोलयंत्र आणि पाऊस मोजायचे साधे नळकांडे. अशा मापकांनी प्रांतोप्रांतीच्या पावसाच्या नोंदी घेण्याची पद्धत याच राजवटीतली.

लेखक ज्याला ‘राजाचा सेनापती’ म्हणतो, तो चौकातला दुसरा पुतळा आरमारप्रमुख यी सुन-सिन याचा. जपानी आरमाराशी झुंजलेला हा वीर जन्मला १५४५ मध्ये. तेव्हा दरबारी नाते जोडण्यात अर्थ नाही. त्याचा पुतळा १९६८ चा. सेजोंगचा मात्र ९ ऑक्टोबर २००९ रोजी, हंगुल दिनी उभारला गेला. त्याच्या मागच्या दारातून तळघरातल्या प्रदर्शनात उतरता येते.