वापरलेल्या वस्त्राचा मान

एकाच्या अंगावरून उतरलेलें वस्त्र दुसऱ्यानें घालावें कीं घालूं नये, हा प्रश्न वरवर शिंप्या-परटाचा वाटतो; परंतु त्याला मानापमानाचा मोठा इतिहास आहे. पेण-रोह्याकडील तरुण हल्लीं परदेशी नांवाचे वापरलेले पोलो सदरे हौसेनें विकत घेऊं लागले आहेत. त्या निमित्तानें आज त्याविषयीं थोडें बोलावयाचें आहे.

मोगल बादशहा सरदारांस जी खिलत देत, तींत बादशहानें स्वतः अंगावर घातलेल्या वस्त्राचा मान फार मोठा समजला जाई. नवें कोरें वस्त्र त्यापुढें फिकें. इ. स. १६६६ च्या मे महिन्यांत आग्र्याच्या दरबारांत शाहजाद्यांस, वजिरास व जसवंतसिंगास खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांस मिळाली नाहीं. त्यांच्या संतापाच्या कारणांत हेंही एक होतें. देणाऱ्याच्या लेखीं आपली पायरी कोणती, हें वस्त्र सांगत असे.

सामान्य घरांत हाच न्याय उलटा झाला. बादशहाचें जुनें वस्त्र हा मान, आणि शेजाऱ्याचें जुनें वस्त्र ही लाज! मी पेणच्या शाळेंत शिकवीत असतांना एक हुशार मुलगा कोणीं दिलेला सदरा घालून आला. त्या सदऱ्याचा पहिला धनी त्याच वर्गांत होता. त्यानें खिशावरचें रफू ओळखलें आणि तें मोठ्यानें बोलून दाखविलें. पुढें चार दिवस तो मुलगा शाळेंत आला नाहीं. सदरा धड होता, स्वच्छ होता. ओळखीचा निघाला, एवढाच त्याचा दोष.

म्हणून बोहारणीचा धंदा मला मोठा शहाणपणाचा वाटतो. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेंत गांठोडें. ओटीवर बसून ती लुगड्याचा पदर उजेडांत धरी, विजारींचे गुडघे तपाशी, आणि "या तिहींवर एवढंच पातेलं, बाई" असें सांगून हटून बसे. घासाघिशींत अर्धी दुपार सरे. ते कपडे मग शहरांत जात, धुऊन, शिवून, इस्तरी करून जुन्या बाजारांत मांडले जात. अगदींच विरलेल्यांच्या, यंत्रें पुसण्यासाठीं, चिंध्या होत. पूर्वीं भांडीं तांब्यापितळेचीं असत, पुढें स्टीलचीं आलीं. पण तिची खरी कामगिरी भांड्यांत नव्हती. देणारा आणि घालणारा यांची गांठ ती पडूं देत नसे.

आतां पोलो सदऱ्याकडे वळूं. पोलोचा खेळ इंग्रजांनीं मणिपुरी लोकांपासून उचलला. हा सदरा मात्र टेनिसच्या मैदानावरचा. रने लाकोस्त या फ्रेंच खेळाडूनें लांब बाह्यांच्या ताठ सदऱ्याऐवजीं आंखूड बाह्यांचा, जाळीदार विणीचा सुती सदरा वापरला, आणि १९३३ सालीं आंद्रे जिलिए याच्या भागींत, छातीवर मगर भरून, तो विकावयास काढला. पुढें तो पोलोच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. १९७२ सालीं अमेरिकेंतील राल्फ लॉरेन यानें घोडेस्वाराचें चिन्ह लावून तो नाना रंगांत आणला. कापडाहून चिन्हाचा भाव चढला तो असा.

रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ सालीं आली आणि मुंबईचा बाजार जवळ झाला. आतां तर मुंबईसही जावें लागत नाहीं. धाटावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें फोनवर पाहून असा सदरा मागविला. "वापरलेला आहे, गुरुजी, पण अस्सल आहे," हें त्यानें आपण होऊन सांगितलें. पहिला धनी कोण, हें त्याला ठाऊक नाहीं. बोहारणीचीच सोय ही. आणि छातीवरची खूण मात्र खिलतीसारखी शाबूत! नव्या नकली सदऱ्यापेक्षां जुना अस्सल बरा, हें त्याचें म्हणणें मला पटतें. फक्त चिन्हामागचे टांके, कॉलरची घडी आणि काखेचा रंग पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आमच्या आळींत बोहारीण अजून कधींमधीं येते. नातवाचा मगरीचा सदरा तिच्यापुढें ठेवला, तेव्हां तिनें तो उलटा केला, काखेची शिवण ओढून पाहिली, आणि शेजारच्या साध्या सदऱ्यावर टाकला. दोहोंवर मिळून एक झारा मिळाला.