शुश्रूषेचा अर्थ : स्मृतिभ्रंशाच्या इतिहासातील दुसरा साक्षीदार

वार्धक्यातील विस्मरणाला मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. 'म्हातारचळ', 'भ्रमिष्टपणा', 'साठी बुद्धी नाठी' हे सारे प्रयोग लोकभाषेतले. त्यांत थट्टा आहे, थोडी कीवही आहे, पण आजाराची जाणीव नाही. वैद्यकाने स्वीकारलेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तिथे तो क्रोध आणि संमोह यांच्यानंतर येतो आणि बुद्धिनाशाकडे नेतो. म्हणजे मुळात तो एका नैतिक अधःपाताची पायरी आहे. या शब्दाबरोबर रुग्णाच्या माथी दोषाची एक पुसट छायाही आली, असे म्हणावे लागेल. मात्र रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे रूढ शब्दच नाही. 'काळजीवाहू' म्हटले की आपल्याला सरकार आठवते. उरतो तो 'शुश्रूषा' हा जुना शब्द. त्याचा धात्वर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. कोणी कोणाचे ऐकायचे, हा या आजाराच्या इतिहासातला कळीचा प्रश्न असल्याने हा धात्वर्थ इथे महत्त्वाचा ठरतो.

या इतिहासाचा आरंभ फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात, नोव्हेंबर 1901 मध्ये झाला. तिथे दाखल झालेल्या ऑगस्टे डेटर या 51 वर्षांच्या स्त्रीची आलोईस अल्झायमर यांनी तपासणी केली, तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरे टिपून ठेवली. 1906 मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचा अभ्यास केला आणि त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्युबिंगन येथे आपले निष्कर्ष मांडले. 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. परंतु घरी ती कशी वागत होती, नवऱ्याविषयीच्या संशयाने कशी पछाडली होती, विस्मरण कसे वाढत गेले, हा पूर्ववृत्तान्त रुग्णालयाला घरातूनच मिळू शकत होता. आजाराचा पहिला साक्षीदार तिचा नवरा होता. आजाराला नाव मात्र दुसऱ्या साक्षीदाराचे, म्हणजे डॉक्टरांचे मिळाले. हे स्वाभाविकच होते. पण घरातल्या माणसाची साक्ष 'पूर्ववृत्तान्त' या एका रकान्यात संपते, ही रीत पुढेही चालू राहिली.

त्यानंतर दीर्घकाळ हा आजार प्रौढांमधील एक दुर्मीळ व्याधी मानला गेला आणि वृद्धांचे विस्मरण वयाच्या खात्यावर जमा होत राहिले. 1976 मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी ही दोन्ही रूपे एकच असल्याचे आग्रहाने मांडले आणि एका लेखाने दुर्मीळ व्याधी हा फार मोठा सार्वजनिक प्रश्न बनला. 1981 मध्ये नॅन्सी मेस आणि पीटर राबिन्स यांचे कुटुंबीयांसाठी लिहिलेले पुस्तक आले. सांभाळणाऱ्याचा दिवस छत्तीस तासांचा असतो, हे त्याच्या शीर्षकातच होते. पहिल्या साक्षीदाराची दखल घ्यायला असा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला.

भारतात 1992 मध्ये केरळात अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. 1998 मध्ये कोचीनच्या परिषदेतून '10/66' हा संशोधकांचा गट उभा राहिला. जगातले 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण त्यांच्यावरचे संशोधन 10 टक्क्यांहूनही कमी, हे त्याच्या नावाचे मर्म. आपल्याला अधिक जवळचा प्रयोग गोव्यातला. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांच्या 2001 मधील अभ्यासात असे दिसले की लोक या अवस्थेला आजार न मानता वार्धक्याचा भाग समजतात. मग अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांसह एक चाचणी घेतली; तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. आठवडाभराचे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक गृहसल्लागार किमान पंधरवड्यातून एकदा घरी जात. आजार समजावून सांगणे, आंघोळ-जेवणाच्या अडचणींवर वाट काढणे, सरकारी योजनांची माहिती देणे ही त्यांची कामे. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ मागे उभा असे. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले आढळले, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या कार्यक्षमतेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. या निष्कर्षाला काही जण अपयश म्हणतील. परंतु जो आजार बरा करता येत नाही, त्यात उपचार कोणावर करायचा, या प्रश्नाचे ते प्रामाणिक उत्तर आहे.

मराठीत हा प्रश्न सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने मांडला. संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्रींची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हा योग लक्षणीय आहे. शास्त्री हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिला आजाराचे नाव ठाऊक नाही. मुलीला नाव ठाऊक आहे, पण ती थकलेली आहे. ज्ञान आणि शुश्रूषा यांची ही फारकत चित्रपट कोणालाही दोष न देता दाखवतो. मात्र चन्नम्माच्या ममतेने भारावून जाताना ती एका दिवसाची आहे, हे विसरता येत नाही. मुलीची बारा महिन्यांची आहे.

बीड जिल्ह्यात ही फारकत भूगोलाचीच होते. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्यामुळे साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या अंबाजोगाईत 1974 पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच लोखंडी सावरगाव येथे वृद्धांच्या मानसिक आजारांसाठी शासकीय केंद्राची वास्तू उभी राहिली. 2020 मध्ये त्याच परिसरात कोविड रुग्णालय चालवावे लागले. गावपातळीवर आशा कार्यकर्तीच्या तपासणी-सूचीत साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो : जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरायला होते का? प्रश्न योग्यच आहे. पण तो ज्याला विचारायचा, तोच विसरणारा. खरी साक्ष सुनेची किंवा लेकीची, आणि दिवाळीच्या सुमारास तीच कोयता घेऊन नवऱ्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असते. मागे उरतात म्हातारी माणसे आणि पुष्कळदा त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. इथे सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांच्यातली रेषाच पुसली जाते. पट्टा पडून माणसे परत येतात, तेव्हा मधल्या पाच-सहा महिन्यांत काय बिघडले हे सांगणारे प्रौढ माणूस घरात नसते.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, आणि ग्रामीण भागात ते शहरांपेक्षा अधिक आहे. म्हणून गोव्याचा धडा बीडमध्ये जसाच्या तसा गिरवता येणार नाही. तिथे सल्लागाराला घरी भेटायला कोणीतरी होते. इथे आधी त्या 'कोणीतरी'चे वेळापत्रक पाहावे लागेल. स्थलांतरापूर्वी सुनेची साक्ष नोंदवून घेणे, हंगामात शेजारच्या एका माणसाला त्या नोंदीत सामील करणे, परतल्यावर आशाने पुन्हा जाणे, एवढे तरी आरोग्ययंत्रणेच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी नवे औषध लागत नाही. डॉक्टरांच्या कागदावरचा 'पूर्ववृत्तान्त' हा रकाना थोडा मोठा करावा लागेल, आणि तो भरणाऱ्या बाईला बसायला खुर्ची द्यावी लागेल.