रिकामी गाडी, भरलेला लक्ष्मी रस्ता

आधी थोडं मागे चला. 30 नोव्हेंबर 2022. तुम्ही स्टुटगार्ट विमानतळाच्या पी-6 वाहनतळात उभे आहात. बॉश आणि मर्सिडीज यांनी मिळून केलेल्या यंत्रणेला जर्मन सरकारची परवानगी मिळाल्याचं आजच जाहीर झालंय. समोर एक माणूस ठरलेल्या जागी गाडी उभी करतो, बॅग काढतो, फोनवर बोट टेकवतो आणि विमान गाठायला निघतो. गाडी एकटीच आत जाते, कोपऱ्यावर वळते, आपली जागा शोधते. स्टिअरिंगशी कुणी नाही. वाट मोकळी आहे की नाही, हे वाहनतळात बसवलेले सेन्सर बघतात आणि गाडीला कळवतात. म्हणजे निम्मी अक्कल गाडीत नसून भिंतीवर आहे! एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑगस्ट 2024, सॅन फ्रान्सिस्को, पहाटेचे चार. तुम्ही उंच इमारतीच्या खिडकीत, खाली वेमोच्या चालकाविना चालणाऱ्या टॅक्सींचा तळ. कुणी मागे येताना फार जवळ आलं तर हॉर्न द्यायचा, असं या गाड्यांना शिकवलंय. आता सगळ्याच मागेपुढे होतायत, त्यामुळे सगळ्याच एकमेकींवर खेकसतायत. आत चिटपाखरू नाही, झोप मात्र अख्ख्या इमारतीची उडालीय. कंपनीनं पुढे सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. पुणेकराला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे हे काम माणसं करतात.

आता 2056. गणपतीच्या आधीचा शनिवार, संध्याकाळचे सहा, पाऊस नुकताच थांबलाय. गाडी तुम्हाला आणि आईला लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौकात सोडते. ‘‘आई, पाय जपून टाक,’’ म्हणेपर्यंत दार मिटून ती निघूनही जाते. पी-1, पी-2च्या पाट्या कधीच गेल्यात. आज तारीख सम की विषम, हे कुणी विचारत नाही. टोइंगवाल्यांचा भोंगा नाही. आई खूश. मग पुढचा रस्ता तुंबलेला का?

जवळच्या गाडीत डोकावून बघा. मागच्या सीटवर मखराचं सामान, पायाशी ओली छत्री, माणूस कुणी नाही. पुढच्या गाडीत नाही, तिच्या पुढच्या गाडीतही नाही. अलका चौकापर्यंत रिकाम्या गाड्यांची रांग सरकतेय. मालक दुकानात आहेत आणि गाड्या चकरा मारतायत. तुमचीही त्यातच असेल. आई तुळशीबागेकडे जायला बेधडक रस्त्यात उतरते. सगळ्या गाड्या आज्ञाधारकपणे थांबतात. या गाड्या अंगावर येत नाहीत हे गिऱ्हाइकांना केव्हाच कळलंय, त्यामुळे लोक वाटेल तिथून रस्ता ओलांडतायत आणि रांग आणखी खोळंबतेय.

गाडीला दोष देऊ नका. वाहनतळाचं भाडं आणि चकरांचा खर्च यांतलं जे स्वस्त, ते तिनं निवडलं; तिला तसंच सांगितलेलं होतं. हा हिशेब जुना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले ॲडम मिलार्ड-बॉल यांनी 2019 मध्येच तो मांडला होता: वीज, झीज, देखभाल सगळं धरून रिकामी गाडी फिरवायला तासाला साधारण अर्धा डॉलर पुरतो. मोठ्या शहराच्या मध्यभागी त्या पैशात कोण जागा देतो? शिवाय रिकाम्या गाडीला कुठे पोचायचं नसतं, त्यामुळे कोंडी तिच्या फायद्याचीच. जितकं हळू, तितकी वीज कमी. त्यांच्या संगणकी प्रयोगात अशा दोन हजार गाड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यभागाचा वेग ताशी सव्वातीन किलोमीटरच्याही खाली आणला. गुडघे धरूनही आई त्याहून भरभर चालते.

पुन्हा 2056, तोच शनिवार, फक्त महापालिका जरा शहाणी. तिनं रिकाम्या गाडीच्या चकरांना मिनिटागणिक दर लावलाय. तुम्हाला उतरवून गाडी मुकाट पेठांबाहेरच्या वाहनतळाकडे निघते. तिथं कुणी दार उघडून उतरायचं नसतं, त्यामुळे गाड्या आरशाला आरसा भिडवून, एकामागे एक लावलेल्या. आतली हवी असली की पुढच्या आपणहून सरकतात. भर लग्नात ‘‘एमएच बारा, पांढरी गाडी, कृपया बाजूला घ्यावी’’ ऐकून पंगतीतून उठलेल्यांना याचं मोल सांगायला नको. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये काढलेल्या गणितानुसार अशा रचनेत सरासरी 62 टक्के जागा वाचते. नदीपात्रात कुणाची गाडी असलीच, तर खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याचा निरोप येताच ती स्वतःच वर येते. लक्ष्मी रस्त्यावर पदपथ दुप्पट झालाय. त्यावर मांडव घालायचा की हातगाड्यांना जागा द्यायची, यावर भांडण चालू आहे. तेवढं पुणं 2056 मध्येही शिल्लक राहील.

गाडी दोन्हीकडे तीच, सॉफ्टवेअरही तेच. बदलला तो फक्त दरफलक. स्टुटगार्टमध्ये जी अक्कल भिंतीवर होती, ती आपल्याकडे महापालिकेच्या ठरावात असायला हवी. आणि ठरावांचं काय होतं, ते तुम्ही पाहिलंयच: पुण्याचं पार्किंग धोरण मार्च 2018 मध्ये मुख्य सभेनं मंजूर केलं, मोठा विरोध झाला आणि अंमलबजावणी रखडली. रस्ता बापजाद्यांचा असल्यासारखी गाडी फुकट लावायची सवय आपली आहे. उद्या गाडीला चालक नसला, तरी सवय तिला आपल्याकडूनच मिळणार.

तेव्हा आता परत या. पुढच्या वेळी पार्किंगच्या दरांवर हरकती-सूचना मागवल्या, की हरकतीआधी मसुदा वाचा. त्यात रिकाम्या गाडीबद्दल अवाक्षर नसेल, तर एक सूचना जरूर पाठवा.