कीबोर्ड घेताय? आधी काम बघा, मग किंमत

बऱ्याच घरांत कॉम्प्युटर एकच आणि वापरणारे चार. अब्बांचा दुकानाचा हिशेब, मुलीची टायपिंगची परीक्षा, मुलाचा अभ्यास आणि कुणाचं तरी उर्दू लिखाण. अशा वेळी रंगीत लाइट बघून कीबोर्ड घेतला, तर चार दिवसांत मनगट बोलायला लागतं.

भाषा: मराठी-उर्दूसाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही. अक्षरांची मांडणी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये असते. विंडोजमध्ये दोन्ही भाषा जोडून घ्या. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला येतात. उर्दूच्या फोनेटिक मांडणीत ‘ए’वर अलिफ, ‘बी’वर बे, म्हणजे उच्चारावरून अक्षर सापडतं. सुरुवातीला बटणांवर पारदर्शक स्टिकर लावले तरी चालतात.

परीक्षा: लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र मागतात. मराठीत इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन या दोन मांडण्या पूर्ण वेगळ्या आहेत. परीक्षेला कोणती आहे, हे क्लासमध्ये विचारूनच सराव सुरू करा. एकीची सवय दुसरीत कामाला येत नाही, वेळ आणि फी दोन्ही वाया जातात. लॅपटॉपची बटणं कमी दबतात, म्हणून सराव शक्यतो साध्या, वेगळ्या कीबोर्डवर करावा.

आकार: हिशेब करणाऱ्यांना उजवीकडे आकड्यांची बटणं असलेला पूर्ण, साधारण 104 बटणांचा कीबोर्ड सोयीचा. फक्त लिहिणाऱ्यांना 87 बटणांचा पुरतो. त्यात माउस जवळ राहतो आणि उजवा खांदा ताणला जात नाही.

आवाज: मेकॅनिकल कीबोर्ड टिकाऊ असतात, पण महाग. त्यातले निळ्या स्विचचे खटखट वाजतात. एका खोलीत बाळ झोपलंय आणि मुलगी रात्री सराव करतेय, अशा घरात साधा मेंब्रेन कीबोर्डच बरा.

बसणं: कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ हवं. कीबोर्डच्या मागचे पाय उघडले की मनगट वर वाकतं, म्हणून ते मिटलेलेच ठेवा. लॅपटॉप पलंगावर किंवा मांडीवर घेऊन तासन्‌तास टाइप करू नका. तो पुस्तकांच्या थप्पीवर उंच ठेवा आणि खाली वेगळा कीबोर्ड जोडा.

दुकानात: शक्य असेल तर बसून एक परिच्छेद टाइप करून बघा. स्पेसबार कडेला दाबूनही नीट चालतो का, ‘एफ’ आणि ‘जे’वरच्या उंचवट्या बोटांना लागतात का, हे तपासा. न बघता टाइप करणाऱ्याला त्याच खुणांवरून जागा कळते.

बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री मनगट दुखत असेल, तर नवा कीबोर्ड हा इलाज नव्हे. आधी डॉक्टरांना दाखवा.